तात्पर्य न सांगता: चित्रपुस्तकांतून भावना आणि सामावून घेणं

मुलांसमोर चित्रपुस्तक उघडलं, आवाज बदलत छान वाचलं, आणि शेवटी विचारलं, "मग या गोष्टीवरून आपण काय शिकलो?" मुलं एका सुरात सांगतात, "सगळ्यांशी चांगलं वागावं." पाच मिनिटांत त्यातलीच तिघं चौथ्याला ठोकळ्यांपाशी फिरकू देत नाहीत. पुस्तकात खोट नव्हती, वाचणाऱ्यातही नव्हती. खोट त्या शेवटच्या प्रश्नात होती. त्याचं उत्तर पुस्तक न उघडताही देता येतं, आणि मुलांना ते कधीचं पाठ असतं.

तीन ते आठ वर्षांच्या मुलांसोबत हे काम पहिल्यांदाच करणाऱ्या आई-बाबांसाठी, बालवाडीच्या शिक्षिकांसाठी आणि वाचनालयात गोष्टी वाचणाऱ्यांसाठी पुढचे टप्पे आहेत. एक मूल मांडीवर असो वा वीस समोर, क्रम तोच राहतो. फक्त चौथ्या टप्प्यातली बैठक बदलते.

सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

- चार ते सहा चित्रपुस्तकं. एकदम वीस नकोत, कारण प्रत्येक पुस्तक किमान तीनदा वाचायचं आहे.
- छोट्या चिकटचिठ्ठ्या, पेन्सिल आणि एक साधी वही.
- पुस्तकाच्या पानाएवढा कोरा जाड कागद, मजकूर झाकायला.
- हातात धरता येईल असा छोटा आरसा, न फुटणारा असेल तर उत्तम.

हसऱ्या-रडव्या चेहऱ्यांचा छापील तक्ता यादीत नाही, तो मुद्दामच वगळला आहे. तक्ता समोर असला की मूल चित्रातल्या माणसाकडे बघायचं सोडून तोंडाच्या वाकाची जुळवाजुळव करतं: कोपरे वर म्हणजे आनंद, खाली म्हणजे दुःख. खरी माणसं रडू दाबताना हसतात. चांगली चित्रपुस्तकं नेमकं तेच दाखवतात, आणि तक्त्यात त्याला जागा नसते.

१. पुस्तक निवडा, पण मागचं पान वाचून नव्हे

मलपृष्ठावर "मैत्रीचं महत्त्व सांगणारी गोष्ट" असं लिहिलेलं असतं. त्याला भुलू नका. मधलं कोणतंही पान उघडा, मजकुरावर कोरा कागद ठेवा आणि स्वतःला विचारा: इथे कुणाला काय वाटतंय, हे नुसत्या चित्रावरून कळतंय का? खांदे, हात, पावलं कुठल्या दिशेला वळलीत, दोन माणसांमध्ये किती अंतर आहे, यातून कळत असेल तर पुस्तक कामाचं. चेहऱ्यावरच्या दोन अश्रूंखेरीज चित्रात काही नसेल तर मुलांना शोधायला काहीच उरत नाही.

मग शेवटची चार पानं बघा. तिथे एखादं मोठं माणूस येऊन सगळ्यांना समजावतं आणि सगळे माना डोलावतात का? तसं असेल तर पुस्तक परत ठेवा. भांडण मुलांनी केलं, तर त्यातून वाटही मुलांनीच काढायला हवी, अर्धवट का होईना.

तिसरी गोष्ट पटकन लक्षात येत नाही: भावना किती पानं टिकते? राग एका पानावर येतो आणि पुढच्या पानावर मिठी मारल्याबरोबर विरघळतो, अशी पुस्तकं ढिगाने मिळतात. मुलांना अनुभवाने माहीत असतं की राग असा जात नाही. तो ओसरतो, मध्येच पुन्हा उसळतो, कधी दमून झोपी जातो. चित्रातल्या राग आलेल्या मुलाला निदान तीन-चार पानं तरी रागात राहू दिलेलं असावं.

प्राण्यांच्या गोष्टी घ्याव्यात का, हा नेहमीचा प्रश्न. टोरंटो विद्यापीठातला २०१७ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास चार ते सहा वर्षांच्या मुलांवर होता. वाटून घेण्याची एकच गोष्ट काहींना माणसांच्या चित्रांसह वाचून दाखवली, काहींना कपडे घातलेल्या प्राण्यांच्या. नंतर आपल्याकडचे स्टिकर दुसऱ्यांसाठी द्यायची वेळ आली, तेव्हा माणसांची गोष्ट ऐकलेल्यांनी जास्त दिले. एका अभ्यासावरून ससे-अस्वलं हद्दपार करायची गरज नाही. भीती किंवा मत्सर यांवर बोलायला प्राण्यांचा आडोसा बरा पडतो, मूल मोकळं होतं. पण वागणुकीत फरक पडावा असा हेतू असेल तर सहापैकी निदान चार पुस्तकांत माणसं हवीत.

२. आधी एकट्याने तीनदा वाचा

२००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, गोष्ट ऐकताना लहान मुलं कुठे बघतात याचा माग नजर टिपणाऱ्या यंत्राने घेतला होता. वाचता न येणारी मुलं जवळजवळ सगळा वेळ चित्रांकडेच बघत होती. वाचणाऱ्याची नजर मात्र ओळींवर असते. म्हणजे पुस्तक एक, पण मोठा माणूस एक गोष्ट वाचतो आणि मूल दुसरीच बघत असतं. ही दरी तयारीच्या वेळीच भरून काढायची.

पहिल्या वाचनात मजकूर झाकून नुसती चित्रं बघा. मुखपृष्ठाच्या आतली कोरी वाटणारी पानंही सोडू नका, अनेक चित्रकार गोष्ट तिथूनच सुरू करतात.

दुसऱ्या वाचनात शब्द आणि चित्र कुठे वेगळं बोलतात ते शोधा. मजकुरात "ठीक आहे, असं तो म्हणाला" आणि चित्रात मुठी आवळलेल्या, हे या कामातलं सोन्याचं पान. तिथे चिकटचिठ्ठी लावा.

तिसऱ्यांदा मोठ्याने वाचा, घड्याळ लावून. बहुतेक चित्रपुस्तकं ३२ पानांची असतात, कारण छपाईचा मोठा कागद घडी घालून सोळा-सोळा पानांचे गठ्ठे होतात आणि असे दोन गठ्ठे शिवले जातात. शीर्षकाची वगैरे पानं सोडली तर गोष्टीला साधारण बारा ते चौदा दोन-पानी चित्रं मिळतात. एवढ्यात थांबायच्या जागा तीन, फार तर चार. नवखा माणूस प्रत्येक पानावर थांबतो, गोष्टीचा धागा सुटतो, आणि मग "मुलांचं लक्षच लागत नाही" अशी तक्रार होते. चिठ्ठीवर प्रश्न लिहून ती पानाच्या मागच्या बाजूला, आपल्यालाच दिसेल अशी चिकटवा.

३. दोन शब्द निवडा

प्रत्येक पुस्तकामागे भावनेचे दोनच शब्द घ्यायचे, पण नेमके. "वाईट वाटलं" हा शब्द गोणपाटासारखा आहे, त्यात काहीही भरता येतं. मराठीत त्याऐवजी काय काय आहे बघा.

हिरमुसणं: हवं ते मिळणार असं वाटत होतं आणि ऐन वेळी हुकलं. रुसणं: दुखावलंय, पण कुणीतरी येऊन समजूत घालावी ही आशा शिल्लक आहे. म्हणूनच रुसलेलं मूल पाठ फिरवून बसतं, पण खोली सोडून जात नाही, आणि अधूनमधून तिरक्या नजरेने बघतं. चित्रात हा फरक दाखवता येतो: रागावलेला निघून जातो, रुसलेला दिसेल अशा जागी बसतो. ओशाळणं म्हणजे आपलं चुकलं हे आपल्यालाच कळलं. कानकोंडं होणं वेगळं. त्यात चूक काहीच नसते, तरी चारचौघांत आपण उपरे आहोत असं वाटतं आणि हात कुठे ठेवावेत तेही सुचत नाही. कुणाला खेळात घेतलं नाही तर काय होतं, यासाठी याहून नेमका शब्द सापडणं कठीण. चार वर्षांच्या मुलाला तो जड जाईल असं समजू नका. डायनोसॉरांची लांबलचक नावं पाठ करणाऱ्या मुलाला "कानकोंडं" जड नाही.

व्याकरणानेही आपलं निम्मं काम करून ठेवलंय. मराठीत राग येतो, रडू येतं, भीती वाटते. जे येतं ते जातंही. "तू रागीट आहेस" म्हटलं की राग मुलाला कायमचा चिकटला. "तुला राग आलाय" म्हटलं की तो बाहेरून आलेला आहे, जाईलही. पुस्तकातल्या पात्रांबद्दल बोलतानाही हेच पथ्य पाळा: "हा भित्रा आहे" नव्हे, "याला इथे भीती वाटतेय". पुढच्या पानावर भीती गेली की मूल स्वतःच सांगेल.

शरीराचे शब्द सोबत ठेवा: पोटात गोळा येतो, कान तापतात, घसा दाटतो, हातपाय गार पडतात, छाती धडधडते. भावनेचं नाव न सुचणारं मूलही "पोटात कसंतरी होतं" एवढं सांगू शकतं. सुरुवात तिथून होते.

४. बसायचं कसं

एक-दोन मुलं असतील तर शेजारी, पुस्तक मध्ये. गट असेल तर अर्धवर्तुळ, आणि तुम्ही बुटक्या स्टुलावर. पुस्तक छातीसमोर धरू नका, कारण मग तुम्हाला ते उलटं वाचावं लागतं आणि ते डुलत राहतं. खांद्याच्या बाजूला, मुलांच्या नजरेच्या उंचीवर धरा, खालून मधोमध पकडा म्हणजे बोटं चित्रावर येणार नाहीत. खिडकी मुलांच्या पाठीशी हवी. तुमच्या पाठीशी असेल तर पान काळवंडतं.

सहा ते आठ मुलांचा गट सर्वात चांगला. वीसजण असतील तर एकदा सगळ्यांना नुसतं वाचून दाखवा आणि बोलणं नंतर छोट्या गटांत करा. तीन वर्षांच्यांसाठी सात-आठ मिनिटं, पाच-सहा वर्षांच्यांसाठी पंधरा. त्याहून ताणलं तर चुळबुळ सुरू होते, आणि तो दोष मुलांचा नसतो.

५. वाचा, थांबा, गप्प बसा

मुलाला गोष्ट ऐकवायची नाही, त्याच्याकडून काढून घ्यायची, ही रीत अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली मांडली. अभ्यास भाषाविकासाचा होता, पण तीच रीत इथेही लागू पडते. साखळी चार कड्यांची: विचारा, उत्तर ऐकून घ्या, त्यात थोडी भर घाला, आणि भर घातलेलं वाक्य मुलाकडून पुन्हा येऊ द्या.

नमुन्यादाखल एक चित्र डोळ्यांसमोर आणा. मैदानावर पाच मुलं दोरीच्या उड्या मारताहेत. डाव्या पानाच्या अगदी कडेला एक मुलगी झाडाला पाठ टेकून उभी आहे. एका बुटाने दुसऱ्या बुटाचं टोक घासतेय. मजकूर एवढाच: "आज मीनूला खेळायचं नव्हतं."

"ही काय करतेय?"
"बूट घासतेय."
"आणि?"
(मनात पाच आकडे मोजायचे. हे पाच सेकंद फार लांब वाटतात. बोलू नका.)
"तिला खेळायचं नाहीये."
"कशावरून?"
"पुस्तकात लिहिलंय ना."
"हो, लिहिलंय तसं. आता तिचे डोळे कुठे आहेत बघ."
"दोरीकडे."
"डोळे दोरीकडे, आणि पाय?"
"पायपण तिकडेच. तिला यायचंय!"
"मग खेळायचं नाही असं का म्हणाली असेल?"
"कुणी बोलावलंच नाही म्हणून."

इथे थांबायचं. "बरोबर! म्हणून आपण सगळ्यांना बोलवायचं, हो ना?" हे वाक्य जिभेच्या टोकावर येईल. ते गिळून टाका. मुलाने स्वतः चित्रातून जे शोधलं त्यावर तुम्ही तात्पर्याचा शिक्का मारलात, की ते त्याचं राहत नाही, तुमचं होतं. त्याऐवजी शब्द द्या: "कुणी बोलावलं नाही की कानकोंडं होतं." आणि पान उलटा.

या संवादात "तिला कसं वाटतंय?" हा प्रश्न एकदाही आला नाही, हेही बघा. तो सरळ विचारला की "वाईट" किंवा "छान" यातलं एक उत्तर येतं आणि विषय संपतो. आधी काय दिसतंय, मग कशावरून, भावनेचं नाव सर्वात शेवटी.

"तुझ्या बाबतीत असं कधी झालंय का?" हा प्रश्न पहिल्या वाचनात नको. गटात तर मुळीच नको, कारण एखादं मूल घरातली अशी गोष्ट बोलून जाईल जी सगळ्यांसमोर यायला नको होती. मुलाने आपणहून सांगितलं तर ऐका, "मला नंतर आणखी सांगशील?" म्हणा, आणि नंतर खरंच विचारा. कुणी मारतं, दुखापत करतं असं काही त्यातून पुढे आलं तर ते चित्रपुस्तकाच्या कक्षेबाहेरचं आहे. मुलाला खोदून न विचारता, त्याने जे शब्द वापरले ते तसेच लिहून ठेवा आणि शाळेत ज्यांच्यावर बालसुरक्षेची जबाबदारी असते त्यांच्याकडे त्याच दिवशी जा.

आरसा इथे वापरायचा. चित्रातल्या मुलासारखे खांदे करून बघ, भुवया कर, आरशात बघ. नक्कल करताना मुलांना पुष्कळदा चेहरा वाचता येतो, जो नुसता बघून आला नव्हता.

वयाचं भान ठेवा. १९८३ साली हाइन्त्स विमर आणि योसेफ पेर्नर या मानसशास्त्रज्ञांनी मुलांना एक प्रसंग दाखवला: मुलगा बाहेर गेल्यावर त्याची वस्तू दुसऱ्या कपाटात हलवली जाते, तो आल्यावर कुठे शोधेल? तीन वर्षांची मुलं सांगतात, जिथे आता आहे तिथे. चार-पाचच्या सुमाराला कळू लागतं की त्याला हे माहीतच नाही. म्हणून "मीनू मनात काय म्हणत असेल आणि दोरीवाल्यांना काय वाटत असेल?" असा दुहेरी प्रश्न साडेचार-पाचनंतरच काढा. तीन वर्षांच्याला एका वेळी एकच माणूस पुरे.

६. सामावून घेणं: क्रियापदं मोजा

अमेरिकी अभ्यासक रूडाइन सिम्स बिशप यांनी १९९० साली मुलांच्या पुस्तकांसाठी तीन प्रतिमा दिल्या: आरसा, खिडकी आणि सरकतं काचेचं दार. काही पुस्तकांत मूल स्वतःला बघतं, काहींतून दुसऱ्याचं जग बघतं, आणि काहींतून त्या जगात पाऊल टाकतं. तुमच्या सहा पुस्तकांना हीच कसोटी लावा. समोरच्या प्रत्येक मुलाला निदान एक आरसा मिळतोय का? ज्यांना रोज आरसेच मिळतात, त्यांच्यासाठी खिडक्या आहेत का?

हे अंदाजाने ठरवू नका, मोजा. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ नॅन्सी लॅरिक यांनी १९६५ साली तेच केलं होतं. १९६२ ते १९६४ या तीन वर्षांत अमेरिकेत निघालेल्या ५,२०६ बालपुस्तकांत कृष्णवर्णीय माणूस मजकुरात किंवा चित्रात एकदा तरी दिसतो अशी पुस्तकं जेमतेम ६.७ टक्के निघाली. आकडा समोर येईपर्यंत ते अनेकांच्या लक्षातच आलं नव्हतं. तुमच्या कपाटाची मोजणी अर्ध्या तासाची आहे. वहीत तीन रकाने करा: कोण दिसतं, गोष्ट कुणाची आहे, आणि तो किंवा ती काय करते.

तिसरा रकाना खरा. व्हीलचेअर वापरणारी मुलगी पुस्तकात आहे, एवढ्यावर समाधान मानू नका, तिच्या वाट्याची क्रियापदं लिहा. बसली, बघत राहिली, हसली, आभार मानले. आणि इतरांची? धावले, शोधलं, ठरवलं, चुकले, भांडले. फरक दिसेल. भांडायचा आणि चुकायचा हक्कसुद्धा सामावून घेण्यात येतो.

तीन साचे विशेष सांभाळायचे आहेत, कारण ते दिसायला फार गोड असतात.

पहिला, बिचाऱ्याचा. वेगळं मूल दयेसाठीच असतं, आणि गोष्ट खरं तर मदत करणाऱ्याच्या मोठ्या मनाची असते.

दुसरा जास्त फसवा: वेगळ्या मुलाला सगळे चिडवतात, मग संकट येतं, नेमक्या त्याच्याच वेगळेपणामुळे सगळे वाचतात, आणि तेव्हा कुठे त्याला खेळात घेतात. मुलांना ही गोष्ट आवडते, टाळ्या पडतात. पण तिचा अर्थ असा निघतो की उपयोगी पडलास तर घेऊ. ज्याच्याकडे कुठलीच अजब शक्ती नाही त्याने काय करायचं? पुस्तक घरात असेलच तर फेकू नका, सहा-सात वर्षांच्या मुलांना हाच प्रश्न विचारा: "तो वाचवायला आला नसता तर?" त्या वयाची मुलं या प्रश्नावर तुमच्यापेक्षा जास्त बोलतील.

तिसरा साचा बरं होण्याचा: न ऐकू येणाऱ्याला शेवटी ऐकू येतं, अडखळत बोलणारा शेवटी खडाखडा भाषण करतो. म्हणजे तो जसा होता तसा चालणार नव्हता.

उलट सर्वात कामाची पुस्तकं ती, ज्यांत वेगळेपण हा विषयच नसतो. हरवलेलं मांजर शोधणाऱ्या चौघांपैकी एकजण कानात श्रवणयंत्र लावतो, आणि गोष्ट मांजराची आहे. अशी निदान दोन पुस्तकं सहामध्ये असू द्या.

७. मुलं भलतंच बोलली तर

"हा असा का चालतो? वेडा आहे का?" असं कुणीतरी म्हणणारच. "शूऽ, असं बोलू नये!" हा आपला प्रतिक्षिप्त प्रतिसाद, आणि तो घातक आहे. मूल त्यातून एवढंच शिकतं की अशा माणसांबद्दल बोलायचं नसतं, बघायचंही नसतं. शब्द दुरुस्त करा, कुतूहल मोडू नका: "वेडा नाही. त्याच्या पायांचे स्नायू घट्ट आहेत, म्हणून तो काठी घेऊन चालतो. बघ, काठीवर त्याने काय चिकटवलंय?" उत्तर छोटं, खरं आणि साध्या आवाजात.

बोलताना "व्हीलचेअरला खिळलेली" नव्हे, "व्हीलचेअरने फिरते". तिच्यासाठी ती खुर्ची अडकवणारी नसून नेणारी आहे. "मुका-बहिरा" नव्हे, "ऐकू येत नाही, हातांच्या खुणांच्या भाषेत बोलतो". आणि रागाच्या भरात आपल्याच तोंडून निघणारं "बहिरा आहेस का?" आधी बंद करायला हवं, मुलं पुस्तकापेक्षा ते लवकर उचलतात.

एक चूक मात्र कधीच करू नका. गटात पुस्तकातल्या पात्रासारखं कुणी असेल तर वाचताना त्याच्याकडे बघू नका, त्याचं नाव घेऊ नका, "हे तर आपल्या अमुकसारखं" म्हणू नका. एका वाक्यात तुम्ही त्याला वर्गाचा धडा करून टाकता. असं पुस्तक गटात आणण्याआधी दोन-तीन दिवस त्या मुलाच्या पालकांना द्या, मुलाने घरी ते एकदा निवांत बघितलेलं असू द्या. त्यांना नको असेल तर तो विषय तिथेच थांबवा.

८. तेच पुस्तक पुन्हा

२०११ साली प्रसिद्ध झालेल्या ससेक्स विद्यापीठातल्या एका प्रयोगात तीन वर्षांच्या काही मुलांना त्याच त्या गोष्टी पुन्हा ऐकवल्या, काहींना दर वेळी वेगवेगळ्या. नवे शब्द दोघांच्याही कानावर सारख्याच वेळा पडले. तरी ते लक्षात राहिले पुन्हा तीच गोष्ट ऐकलेल्यांच्या. भावनांचे शब्दही शेवटी शब्दच आहेत.

आठवड्यात तीन वाचनं ठेवा. पहिलं जवळजवळ अखंड, एखाद्याच थांब्यासह. दुसरं, ठरवलेल्या तीन थांब्यांसह. तिसऱ्यात पुस्तक मुलांच्या हातात द्या आणि पात्र बदला: दोरी धरलेल्या मुलांपैकी एकाला गोष्ट सांगू द्या. वाईट वागणाऱ्याच्या जागी उभं राहून बोलणं मुलांना जमतं, आणि मीनूला न बोलावणारी मुलं दुष्ट नव्हती, त्यांचं लक्षच नव्हतं, हे मुलांनाच सुचतं. हे शोधणं दयेपेक्षा मोलाचं.

यानंतर उपक्रम हवाच असेल तर एकच पुरे: चिकटचिठ्ठीवर पात्राच्या मनातलं वाक्य लिहून किंवा चित्र काढून त्याच्या डोक्यावर लावायचं. "योग्य चेहऱ्याला गोल करा" छापाच्या कार्यपत्रिका नकोत. त्या केल्या की पुस्तक अभ्यास होतं, आणि मुलं ते पुन्हा मागत नाहीत.

९. पुस्तक कधी उघडू नये

मूल रडत-ओरडत असताना नाही. त्या वेळी त्याला शब्द ऐकू येत नाहीत. तो शांत झाल्यावरही लगेच "आज तू मारलंस ना, म्हणून आपण ही गोष्ट वाचू" असं नाही. तसं केलं की पुस्तक शिक्षेचं होतं आणि पुढच्या वेळी मुखपृष्ठ बघूनच मूल तोंड फिरवतं. मारामारी सोमवारी झाली असेल तर ते पुस्तक गुरुवारी, इतर दोन पुस्तकांच्या मध्ये, सहज आल्यासारखं.

जवळच्या कुणाचा मृत्यू किंवा आई-वडिलांचं वेगळं होणं अशा विषयांवरची पुस्तकं घटना घडण्याआधीच कपाटात असलेली बरी, इतर पुस्तकांइतकीच हाताळलेली. घटनेनंतर नवीन पुस्तक आणलं तर त्यातला हेतू मुलाला चटकन कळतो. मग ते सुचवून बाजूला ठेवा, उघडायचं कधी ते त्याला ठरवू द्या.

वहीत दर आठवड्याला दोनच नोंदी करा: मुलाने आपणहून वापरलेला भावनेचा शब्द, आणि खेळताना कुणी कुणाला बोलावलं. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत काहीच लिहायला मिळालं नाही तर पुस्तकं बदलू नका, थांबे कमी करा. शब्द बहुधा आधी दुसऱ्याबद्दल येतो ("ती रुसलीये"), स्वतःबद्दल पुष्कळ नंतर.

पुस्तकं मुलांच्या हाताला लागतील अशा उंचीवर, कणा नव्हे तर मुखपृष्ठ समोर दिसेल अशी ठेवा. तीन वेळा वाचून झालेलं पुस्तकही महिनाभर तिथेच राहू द्या, कारण काही मुलं ते एकटी असताना उघडतात, आणि नेमकं तेच पान. त्या पानाचा कोपरा सर्वात आधी फाटतो. पारदर्शक चिकटपट्टी जवळ ठेवा आणि तो मुलांसोबत बसून चिकटवा.